पाणकणसाच्या मुळाशी मिथेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या पाझर तलावांच्या काठी उगवणारं पाणकणीस (कणसासारख्या तुऱ्याचं उंच पाणगवत), त्याची मुळं, मुळांना चिकटलेला चिखल आणि तिथून निघणारा मिथेन वायू, एवढ्यावर माझं पोस्टडॉकचं काम चाललं आहे. कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, व्हॉट्सॲपवर, एसटीत आणि प्रत्यक्ष तळ्यावर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसरीकडे जास्त सांगितलं आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. पीएचडी झाली ना? मग अजून शिकताच आहात का?

हा प्रश्न आधी माझ्या आत्याचा होता, आता सगळ्यांचा आहे. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, मुदतीची नोकरी. दोन-तीन वर्षं, एक ठरलेला प्रश्न, मानधन आणि डोक्यावर अहवालाची तारीख. पीएचडीत गाईड बोट धरून नेतो, इथे आपण चुकलो तर आपणच चुकलेलो असतो. मुदत संपल्यावर पुढे काय, हे आत्या मला दर दिवाळीला विचारते. अर्ज कुठे करायचे ते १६ व्या प्रश्नात आहे.

२. मिथेन म्हणजे गोबरगॅसच ना?

गोबरगॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो. शेणाच्या टाकीत, गाई-म्हशीच्या पोटात आणि तळ्याच्या गाळात हे काम एकाच गणगोताचे सूक्ष्मजीव करतात. त्यांना आर्किया म्हणतात. दिसायला ते बॅक्टेरियासारखे असले तरी कूळ वेगळं आहे, हे १९७७ मध्ये कार्ल वोज यांनी दाखवलं. हवा लागली की त्यांचं काम बंद पडतं, म्हणून गोबरगॅसची टाकी हवाबंद लागते. तळ्यात वरचं पाणीच झाकणाचं काम करतं.

इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवलं. आजही पद्धत तीच आहे, फक्त बाटल्या महाग झाल्या.

३. तळ्याकाठी कुजका वास येतो तो मिथेनचा का?

नाही. मिथेनला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो विषारी आहे. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरताना माणसं दगावतात ती ह्या वायूमुळे, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंवा प्राणवायूच नसल्यामुळे. वास येत नाही म्हणून विहीर सुरक्षित, असं कधीही समजू नका.

४. एवढ्याशा तळ्यातून निघून निघून किती निघणार?

एका तळ्यातून नगण्यच. पण जगभरातून दरवर्षी साधारण ६० कोटी टन मिथेन हवेत जातो आणि त्यातला पाव ते एक तृतीयांश पाणथळ जागांचा धरतात. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या अब्ज भागांत मिथेनचे ७०० च्या आसपास भाग होते, आज ते १,९०० च्या वर आहेत. वजनाला वजन धरलं तर मिथेन १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, २० वर्षांच्या हिशेबाने ८० पट. मात्र तो हवेत दहा-बारा वर्षांतच विरतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसतो. या विषयाला पैसे मिळतात ते मुख्यतः ह्या एका कारणामुळे.

५. मिथेन चिखलात होतो, मग मुळाशी काय शोधता?

पाणकणसाचं खोड आडवं कापून पाहा. आत भरीव काहीच नाही, मधाच्या पोळ्यासारखी हवेची घरं आहेत. ही पोकळी पानापासून थेट मुळाच्या टोकाजवळ जाते. कमळकाकडी चिरल्यावर जी गोल भोकं दिसतात तीही हीच.

पोकळी लागते कशाला? हवेपेक्षा पाण्यात ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गाळात तो वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. खाली मूळ जगवायचं तर रोपाला स्वतःची नळी टाकावी लागते. तशी त्याने टाकली, पण नळी दोन्ही दिशांनी चालते. वरून ऑक्सिजन खाली येतो आणि खालचा मिथेन त्याच वाटेने वर निसटतो. नळी नसती तर त्याला वरच्या पाण्यातून हळूहळू झिरपावं लागलं असतं किंवा बुडबुडा होऊन सुटावं लागलं असतं.

आता खरी गंमत. मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर गळतो. त्यामुळे मुळाभोवती जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचं, हवा असलेलं कवच तयार होतं. तिथे मिथेन खाणारे बॅक्टेरिया राहतात. चिखलातून मुळाकडे येणारा मिथेन नळीत शिरण्याआधी त्यांच्या दारावरून जातो आणि ते त्यातला बराचसा खाऊन टाकतात. त्याच वेळी मूळ साखर आणि सेंद्रिय आम्लंही बाहेर टाकत असतं. त्यांवर मिथेन बनवणारे पोसले जातात.

म्हणजे एकच मूळ मिथेन बनवणाऱ्यांना जेवण देतं, खाणाऱ्यांना हवा देतं आणि उरलेल्याला बाहेर पडायला वाट देतं. या तिघांचा हिशेब कधी, कुठे, कोणाच्या बाजूने लागतो, हे शोधणं हे माझं काम.

६. मुळं उपटली की गंज चढल्यासारखी तांबूस दिसतात. रोग आहे का?

रोग नाही, तो गंजच आहे. गाळात लोह विरघळलेल्या रूपात असतं. मुळातून गळणारा ऑक्सिजन लागला की ते मुळावरच बसतं. जिथे तांबूस, तिथे हवा पोचते आहे असं समजा. मी रोप उपटलं की आधी पाण्यात अलगद खळबळून हाच रंग बघते. कोवळ्या बाजूच्या मुळांवर केशरी पट्टा, तर जुन्या जाड मुळांना चिकटलेला गाळ काळाकुट्ट. तोच काळा गाळ तळहातावर पसरून उन्हात धरला तर काही वेळात कडेने तपकिरी होत जातो. यंत्राशिवाय एवढं सांगणारी दुसरी खूण नाही. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते.

७. मग एका वाक्यात सांगा, पाणकणीस चांगलं की वाईट?

एका वाक्यात सांगता येत नाही. मुळाशी किती टक्के मिथेन खाल्ला जातो याची जगभरातली उत्तरं जवळजवळ शून्यापासून निम्म्याहून बऱ्याच वरपर्यंत पसरलेली आहेत. जात, ऋतू, माती आणि मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला जातो. आपल्याकडे पाणकणीस असण्या-नसण्यापेक्षा पाणी कधी उतरतं हे जास्त महत्त्वाचं आहे (प्रश्न १० आणि ११).

८. सगळं कापून टाकलं तर मिथेन कमी होईल?

कुठून कापता त्यावर आहे. पाण्याच्या वर खुंट राहिले तर ते उघड्या नळ्यांसारखे काम करतात, वायू येत-जात राहतो. पाण्याखालून कापलं तर खालच्या कंदाला हवा मिळत नाही, तो गुदमरून कुजतो आणि कुजणं म्हणजे मिथेन बनवणाऱ्यांना मेजवानी. कापलेला पाला पाण्यातच सोडला तर तेच. कापायचंच असेल तर पाला बाहेर काढून खताच्या ढिगावर न्या. आणि काठावर सुगरणीची घरटी लोंबत असतील तर थोडं थांबा, तेवढी विनंती.

९. जलपर्णी, कमळ, बेशरम यांचंही असंच का?

कमळाचं बरंचसं असंच. उन्हाने पानात दाब तयार होतो, हवा देठातून कंदापर्यंत ढकलली जाते आणि पुन्हा पानांतूनच बाहेर पडते. जलपर्णीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती तरंगते आणि तिची मुळं गाळात नसून पाण्यात लोंबतात. त्या मुळांवरही मिथेन खाणारे असतात. पण तिची गोधडी दाट झाली की खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मेलेली पानं तळाशी सडतात. बेशरमवर मी काम केलेलं नाही.

१०. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, इथे पाणथळ जागांवर संशोधन?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि तो विचारताना माणूस हसतोच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे मी विसरलेले नाही. पण म्हणूनच इथे काम करायचं.

या विषयातलं पुस्तकी ज्ञान बरंचसं उत्तरेकडच्या थंड दलदलींतून आलेलं आहे. तिथे पाणी बारमाही, माती पालापाचोळ्याची, तापमान कमी. आपल्याकडे बेसाल्टची काळी माती, लोहाने भरलेली. पाणी आलं की फुगते, गेलं की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तलाव जुलै-ऑगस्टनंतर भरतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून काठ सोडायला लागतो. नाथसागरासारखं मोठं धरणही उन्हाळ्यात मैलोन् मैल मागे सरकतं. म्हणजे एकच मूळ वर्षातून एकदा बुडतं आणि एकदा उघडं पडतं. असा पाणथळपणा पुस्तकात क्वचित सापडतो.

दुसऱ्याच्या जमिनीचे आकडे आपल्याला लावले की काय होतं, त्याचा धडा देशाने एकदा घेतला आहे. भारतातली भातखाचरं वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख टन मिथेन सोडतात, असा अंदाज बाहेरच्या मोजणीवरून बांधला गेला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभर प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा आकडा ४० लाख टनांच्या आसपास आला. नऊ पटींचा फरक! तो तर भात होता, ज्यावर जगात सगळ्यांत जास्त काम झालेलं आहे. पाझर तलाव कोण मोजणार?

११. तलाव आटला की मिथेन थांबतो ना?

शेवटी थांबतो, पण थांबण्याआधी उसळतो. पाणी उतरतं तसा गाळावरचा दाब कमी होतो आणि अडकलेले बुडबुडे एकदम सुटतात. गुडघाभर पाणी उरलेलं असताना, एप्रिलच्या दुपारी, काठावर स्वस्थ बसलं तर पाणी ठिकठिकाणी उकळल्यासारखं दिसतं. मग चिखल उघडा पडतो, भेगा जातात, हवा आत शिरते. बनवणारे आर्किया गप्प होतात. मरत नाहीत, निपचित पडून राहतात. खाणाऱ्यांचे मात्र काही दिवस बरे जातात.

पहिल्या पावसाने तलाव भरला की मिथेन लगेच सुरू होत नाही. उन्हाळाभर हवा लागून मातीतलं लोह पुन्हा गंजलेलं असतं. आधी ते गंजलेलं लोह श्वासासाठी वापरणारे जंतू अन्नावर ताव मारतात. त्यांचं संपलं की मग मिथेनवाल्यांची पाळी. काळ्या मातीत ही पंगत किती लांबते, त्यावर वर्षाचा सगळा हिशेब ठरतो असं मला वाटतं. सध्या माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

१२. तलावातला गाळ शेतात टाकला. आता शेतातून मिथेन निघेल का?

नाही. पसरलेल्या गाळाला हवा लागते आणि मिथेन बनणं बंद होतं. आतला साठलेला थोडा वायू खोदतानाच उडून जातो. गाळमुक्त धरण योजनेतला गाळ निर्धास्त वापरा. फक्त तो चुनखडीचा किंवा खारट नाही ना, एवढं माती परीक्षणात पाहून घ्या.

गाळपेरीचंही तसंच. पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत जोंधळा-हरभरा पेरला, तर ते पीक कोरड्या मुळाचं आहे, नळीचं नाही. लवकर पाणी वाढून पीक बुडालं, तर मात्र हिरवा पाला पाण्याखाली कुजतो.

१३. हा वायू दिसत नाही, वास नाही, मग मोजता कसा?

झाडावर पारदर्शक पेटी ठेवून. पाणकणीस पुरुषभर उंच, म्हणून पेटीही तेवढी, ॲक्रिलिकची, तीन मजल्यांची. दर दहा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा ओढायची, रबरी बुचाच्या व्हायलीत, म्हणजे छोट्या बाटलीत भरायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिसळलेले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासायची. ऐकायला सोपं आहे. चिखलात पाय टाकला की तुमच्या वजनानेच बुडबुडे सुटतात आणि आकडा फुगतो, म्हणून आधी फळ्यांची वाट करावी लागते. दिवसाची वेळही सांभाळावी लागते. पाणकणसातली हवा उन्हाने जोरात वाहते, त्यामुळे सकाळी दहाचा आकडा रात्रीला लावला की हिशेब बोंबलला.

पहिल्या हंगामात एका म्हशीने पेटीला अंग घासून ती आडवी केली. राखणारे आजोबा लांबून विचारत होते, "काय हुडकायलात ताई चिखलात? काही पडलंय का?" आता ते स्वतःच घड्याळ बघून दहा मिनिटं झाल्याचं ओरडतात. याहून मोठा फटका मे महिन्यात बसला. साठ व्हायलींचं खोकं कुरिअरच्या तापलेल्या गोदामात चार दिवस पडून राहिलं, बुचं सैल झाली, सगळे नमुने फेकावे लागले. खोक्यावर तातडीचं असं मीच लिहिलं नव्हतं, तेव्हा ओरडायलाही तोंड नव्हतं.

मुळाशी किती खाल्ला गेला हे शोधायला वेगळी युक्ती लागते. खळ्यावर बैलाला मुसकं घालतात तसं खाणाऱ्या बॅक्टेरियांना मिथाइल फ्लोराइड देऊन तेवढ्यापुरतं थांबवायचं. मुसक्यासकट आणि मुसक्याशिवाय निघालेल्या मिथेनमधला फरक म्हणजे खाल्लेला मिथेन. अडचण अशी की मात्रा वाढली तर हे औषध बनवणाऱ्यांपैकी काहींनाही थांबवतं. म्हणून नुसत्या या पद्धतीवर बेतलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसरी युक्ती जड कार्बनची. निसर्गातल्या कार्बनमध्ये हा जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, जेमतेम १.१ टक्का असतो. तो वाढवलेला कार्बन डायऑक्साइड पानांना दिला की पानाने घेतलेला कार्बन मुळातून चिखलात आणि चिखलातून मिथेनमध्ये कधी पोचला हे कळतं. काही तासांत ते काही दिवसांत तो पोचतो. महाग आहे, पण खोटं बोलत नाही.

१४. लोणारचं पाणी गुलाबी झालं ते या मिथेनवाल्या आर्कियांमुळे का?

नाही. जून २०२० मधला तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. ते मिथेनवाल्यांचे दूरचे नातलग. लोणारमध्ये मिथेनचं चक्रही चालतं, पण पाण्याचा सामू १० च्या आसपास आणि क्षार भरपूर, त्यामुळे तिथले नियम गोड्या तलावाला लावता येत नाहीत. शिवाय लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. आमच्याकडच्या व्याख्यानांत त्याला मराठवाड्यात ओढतात, म्हणून सांगितलं.

रात्री तळ्यावर दिसणाऱ्या वेताळाच्या दिवट्यांबद्दलही याच जोडीने विचारतात. मिथेन जळतो खरा, हवेत ५ ते १५ टक्के असेल तेव्हा, पण आपणहून पेटत नाही. ठिणगी कोण टाकतं, यावर सर्वांना पटलेलं उत्तर अजून निघालेलं नाही.

१५. ऑक्सिजन नसतानाही मिथेन खाल्ला जातो, असं वाचलं. मग मुळाच्या कवचाचं (प्रश्न ५) महत्त्व राहिलं कुठे?

बरोबर वाचलंत, आणि हा प्रश्न मला अवघड जातो. नेदरलँड्समधल्या एका कालव्याच्या गाळातले सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी नायट्रेट आणि नायट्राइट वापरून मिथेन खातात, हे २००६ मध्ये समोर आलं. त्या कालव्यात शेतांतलं पाणी उतरत होतं. आपल्या तलावांतही युरियाचं पाणी उतरतं, तेव्हा इथे तसं होत नसेल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. चिखलाच्या डीएनएत अशा जंतूंच्या खुणा सापडल्या तरी त्यावरून एवढंच कळतं की ते हजर आहेत. हजेरी लावणारा प्रत्येक जण काम करतोच असं नाही, हे कुठल्याही कचेरीत दिसतं. काम दाखवायला १३ व्या प्रश्नातला जड कार्बन लागतो. तोपर्यंत मी मुळाचं कवच धरून आहे.

१६. मला या विषयात पोस्टडॉक करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

भारतात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप ही नेहमीची वाट. आधी ती सर्ब (केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) देत असे, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देतं. वयोमर्यादा ३५ आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी व दिव्यांग यांना ५ वर्षांची सवलत असा नियम चालत आला आहे, तरी दर जाहिरात नव्याने वाचा. परदेशात जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत, युरोपची मारी क्युरी ८ वर्षांच्या आत. मिथेन खाणाऱ्या बॅक्टेरियांवर पुण्याच्या आघारकरमध्ये चांगलं काम आहे. भातखाचरातून त्यांनी वेगळा केलेला एक बॅक्टेरिया काकडीसारखा लांबट आहे आणि त्याच्या शास्त्रीय नावातच काकडी आहे. भातातल्या मिथेनसाठी कटकची तांदूळ संशोधन संस्था पाहा.

प्राध्यापकांना मेल करताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" टाळा. त्यांच्या एखाद्या प्रयोगात तुमच्या तलावावर काय वेगळं होईल, एवढं चार ओळींत लिहा. आठपैकी सात जण उत्तर देत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

१७. आमच्या कॉलेजात क्रोमॅटोग्राफ नाही. तरी काही करता येईल का?

येईल. पाण्याच्या बाटलीचा तळ कापा म्हणजे फनेल झालं. मोठी सिरिंज पाण्याने भरून त्याच्या तोंडाला उलटी बसवा. हे तलावात बांबूला बांधून पाण्याखाली ठेवा. चोवीस तासांत सिरिंजमध्ये किती मिलिलिटर वायू जमला ते लिहा, सोबत पाण्याची खोली आणि तापमान. पाणकणसात एक, मोकळ्या पाण्यात एक, असं दर आठवड्याला, दिवाळीपासून तलाव आटेपर्यंत. त्यातला मिथेन किती हे यंत्राशिवाय कळणार नाही, पण बुडबुडे कधी वाढले हे कळेल. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्या. जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वन विभागाचीही. आणि फनेलवर नाव-नंबर लिहून ठेवा. माझी तीन फनेलं मासेमारी करणाऱ्यांनी कुणाची तरी जाळी समजून काढून, व्यवस्थित गुंडाळून काठावर ठेवली होती.